बारावीनंतरची मुलाखत: मुलचेरा तालुक्यातल्या मुलांनी तयारी कशी करायची?

आजचा भाग दहावी ते बारावीतल्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या शिक्षकांसाठीही. आपल्याकडे नेटवर्क कधी असतं कधी नसतं, ऑडिओ मध्येच अडकतो, म्हणून बोललेलं सगळं नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतोय.

विषय आहे कॉलेज प्रवेशाची मुलाखत. मी मुलचेऱ्यात ज्युनियर कॉलेजच्या मुलांकडून या मुलाखतींचा सराव करून घेतो. त्यात वारंवार जे दिसतं ते आज सांगतो.

मुलाखत नेमकी कुठे असते?

आधी हे स्पष्ट करू, कारण निम्मी मुलं उगाच घाबरलेली असतात. गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजात बीए, बीएस्सीला जायचं असेल तर मुलाखत नाही. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीसाठी एमएचटी-सीईटी आणि कॅप राउंड, मेडिकलसाठी नीट. तिथे मार्क आणि कागदपत्रं बोलतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

मुलाखत लागते ती वेगळ्या वाटांवर. अझीम प्रेमजी विद्यापीठ, बंगळुरू आणि भोपाळ: प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. घरच्या उत्पन्नानुसार फी आणि राहण्या-जेवणाच्या खर्चात मदत मिळते, म्हणून आपल्या मुलांसाठी ही वाट महत्त्वाची. सोनीपतची अशोका, पुण्याची फ्लेम, आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, इथेही मुलाखत आहे.

आणि एनडीए. लेखी परीक्षा 900 मार्कांची, आणि त्यानंतर एसएसबीची पाच दिवसांची निवड, तीही 900 मार्कांची. म्हणजे निम्मे मार्क तुम्ही कसे विचार करता, कसे वागता, कसे बोलता यावर. मुलींनो, तुम्हालाही हे खुलं आहे. मे 2025 मध्ये खडकवासल्याहून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

ज्यांना एनडीएकडे जायचंय त्यांची पहिली मुलाखत तर दहावीतच होऊ शकते. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जिला सगळे एसपीआय म्हणतात, ती 1977 पासून आहे. राज्य सरकारची संस्था. दहावीतल्या मुलांची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन अकरावी-बारावीसाठी निवड करते. मुलींसाठी अशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला सुरू झाली.

मुलं काय बोलतात आणि काय बोलत नाहीत

सरावात मी पहिला प्रश्न विचारतो, "स्वतःबद्दल सांग." उत्तर ठरलेलं: नाव, गाव, वडील शेती करतात, आई गृहिणी, छंद वाचन, ध्येय देशसेवा. यूट्यूबवरून पाठ केलेलं असतं. समोरच्या पॅनेलने हेच उत्तर सकाळपासून दहा जणांकडून ऐकलेलं असतं.

मग मी विचारतो, "उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करतोस?" एक मुलगा म्हणाला, "काही नाही सर, घरीच असतो." पुढे विचारत गेलो तेव्हा कळलं, मे महिन्यात हा पहाटे आईसोबत तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातो. दुपारी सगळं घर पुडे बांधायला बसतं. संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचं.

मी म्हटलं, एका पुड्यात पानं किती? "70." हजार पुड्यांची एक गोणी. भाव कोण ठरवतं? लिलाव कोण करतं? पाऊस आला तर पानाचं काय होतं? मोजणीत वाद झाला तर? हा पोरगा दहा मिनिटं न थांबता बोलत होता. ग्रामसभेने लिलाव कसा केला, ठेकेदाराने पैसे द्यायला उशीर केला तेव्हा बैठकीत कोण काय बोललं, सगळं.

बघा, यात बाजारभाव आला, 1996 चा पेसा कायदा आला, 2006 चा वनहक्क कायदा आला. पॅनेलला अठरा वर्षांच्या मुलाकडून हेच हवं असतं, की जे समोर घडतंय ते तू नीट पाहिलंस का आणि त्यावर विचार केलास का. पण मुलाच्या हिशेबात ते "काही नाही" होतं. शाळेत कधी कुणी विचारलं नाही, म्हणून ते सांगण्यासारखं आहे हेच त्याला वाटलं नव्हतं.

म्हणून तयारीची पहिली पायरी एक साधी वही. त्यात रोज एका प्रश्नाचं उत्तर लिहा, मराठीत लिहा, माडियात, बांगलात, ज्या भाषेत सुचेल तिच्यात. घरात पैसा कुठून येतो? धानाची कोणती जात लावता, का? गावात शेवटचं भांडण कशावरून झालं? कोणता विषय आवडतो, आणि त्यातला कोणता धडा खरंच समजला? मागच्या वर्षभरात स्वतः ठरवून काय केलं?

आपल्या तालुक्यात बंगाली कुटुंबांची बरीच गावं आहेत. तुमचे आजी-आजोबा पूर्व पाकिस्तानातून कसे आले, इथे जंगलात शेती कशी उभी केली, हे आजीला आत्ताच विचारून ठेवा. "घरी बांगला आणि शाळेत मराठी, असं कसं?" हा प्रश्न येणारच.

एक सावधानता. गरिबीचं गाऱ्हाणं मांडून मार्क मिळत नाहीत. परिस्थिती सांगा, पण दोन वाक्यांत, आणि लगेच त्यात तुम्ही काय केलं, काय समजलं तिकडे या.

इंग्रजीचं काय?

सगळ्यात मोठी भीती ही. आपल्याकडचं मूल घरी माडिया किंवा बांगला बोलतं, शाळेत मराठी शिकतं, टीव्हीवर हिंदी ऐकतं, कुणाला अहेरीकडच्या नात्यांमुळे तेलुगूही कळतं. इंग्रजी चौथी नाहीतर पाचवी भाषा. तरी ते मूल स्वतःला "मला भाषा येत नाही" म्हणतं!

तीन गोष्टी करा. एक, वाक्य छोटं ठेवा. एका वाक्यात एक गोष्ट. दोन, तुमच्या वहीतल्या विषयांचे इंग्रजी शब्द आधी शोधा. तेंदू, ग्रामसभा, बांध, रोवणी हे इंग्रजीत कसं समजावायचं हे तिथे बसून सुचत नाही. तीन, अडलात तर गप्प राहू नका. "सर, मे आय एक्स्प्लेन धिस इन हिंदी?" एवढं नम्रपणे विचारा. परवानगी देणं त्यांच्या हातात आहे, पण विचारणं चूक नाही. एनडीएला मात्र इंग्रजीचा सराव टाळता येणार नाही, त्यामुळे अकरावीपासून रोज पंधरा मिनिटं मोठ्याने बोला.

अवघड प्रश्न

गडचिरोली म्हटलं की नक्षलवादाचा प्रश्न येतो. इथे दोन टोकं दिसतात. एक मूल एकदम बंद होतं, दुसरं बातम्यांतलं भाषण सुरू करतं. तुम्ही जिल्ह्याचे प्रवक्ते नाही. जे पाहिलं तेवढं सांगा, जे ऐकलंय ते "ऐकलंय" म्हणून सांगा. घरच्या किंवा गावच्या कुणाचं नाव घेण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न सुरजागडच्या लोहखाणीचा. हो किंवा नाही एवढ्यावर थांबू नका. एटापल्ली तालुक्यात खाण, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना, त्यातून आलेला रोजगार. दुसरीकडे रस्त्यावरचे ट्रक, धूळ, जंगल, ग्रामसभांचा विरोध. दोन्ही बाजू मांडा आणि मग तुमचं मत सांगा. पॅनेल उलट प्रश्न करेल. त्यात पटण्यासारखं असेल तर मान्य करा, नसेल तर शांतपणे आपलं म्हणणं पुन्हा सांगा. त्यांना तुम्हाला हरवायचं नसतं.

तिसरा प्रश्न ऐकायला सोपा, पण सगळ्यात कठीण: "शिकून गावाला परत येशील का?" मुलं लगेच "हो सर, गावाची सेवा करीन" म्हणतात. पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे काय करशील?" आणि गाडी अडते. एका मुलीने सरावात सांगितलं, "सर, मला खरंच माहीत नाही. पण आमच्याकडे बाळंतपणासाठी बाईला किती लांब न्यावं लागतं ते मी पाहिलंय, म्हणून मला आरोग्य व्यवस्था शिकायची आहे." मला हे उत्तर चांगलं वाटलं, कारण त्यात खोटं वचन नाही आणि कारण स्वतःचं आहे.

"माहीत नाही" म्हणायचाही सराव लागतो. आपल्या वर्गात उत्तर आलं नाही की मूल मान खाली घालून उभं राहतं. मुलाखतीत त्या शांततेचा अर्थ कुणालाच लागत नाही. "सर, हे मला माहीत नाही" म्हणा, आणि अंदाज असेल तर "पण मला वाटतं" म्हणून पुढे बोला. तसंच नजरेचं. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणं हा आपल्या घरचा मान आहे, तिथे मात्र विचारणाऱ्याकडे बघून बोलायचं. हे मुलांना आधी सांगावं लागतं, रागवून उपयोग नाही.

शिक्षकांसाठी: पॅनेल गावातच बसवा

क्लास लावायची गरज नाही. एक टेबल, तीन खुर्च्या. ग्रामसेवक, आशाताई, वनरक्षक, बँकेतले कुणी, जे तासभर देतील त्यांना बसवा. मूल ज्यांना रोज "सर" म्हणतं ते समोर नकोत, अनोळखी माणसापुढे बोलायची सवय हवी. प्रत्येकाच्या किमान तीन फेऱ्या घ्या. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्या मुलालाच ऐकवा. आणि उत्तर लिहून देऊ नका, फक्त "का?" आणि "मग पुढे?" विचारत राहा.

बाहेरचीही मदत आहे. राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये सुरू केलेली एकलव्य इंडिया फाउंडेशन हेच काम करते: घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन.

शेवटी कामाच्या गोष्टी

मुलाखत ऑनलाइन असेल तर नेटवर्कची जागा आठवडाभर आधी, त्याच वेळेला तपासा. प्रत्यक्ष असेल तर एक दिवस आधी पोहोचा. बंगळुरूची गाडी आपल्याला बल्लारशाहून सोयीची, पण तिथवर एसटीने आष्टी-गोंडपिपरीमार्गे जायचंय, पावसाळ्यात वेळ हातचा ठेवा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांना महिने लागतात, अकरावीतच अर्ज करा. फॉर्ममध्ये लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, म्हणून फॉर्मची प्रत जवळ ठेवा आणि न केलेलं काही लिहू नका. आणि सीईटीचा, गोंडवानाचा फॉर्म भरलेला असू द्या. जागा थोड्या आणि मुलं खूप, त्यामुळे निवड नाही झाली तरी वर्ष वाया जाता कामा नये.

आई-बाबांनो, मुलगी बंगळुरूला एकटी कशी जाईल ही काळजी खरी आहे. पण ती मुलाखतीच्या आदल्या रात्री काढू नका. फॉर्म भरतानाच घरात बोलून घ्या.

आज ऐकून झाल्यावर वही काढा आणि पहिला प्रश्न लिहा: मागच्या सुट्टीत मी काय केलं? उत्तर आम्हाला पाठवलंत तर पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन उत्तरांवर, नाव न घेता, पॅनेल काय विचारेल ते बघू. भेटू.