चतकोर भाकरीचा हिशेब

सुगी सरली की जालना जिल्ह्यात गावागणिक अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस पारायण, हरिपाठ, कीर्तन आणि रोजची पंगत. या पंगतीच्या आज दोन तऱ्हा दिसतात. एकीत आचारी बोलावून पुरी, भाजी, भात, बुंदी असा बेत होतो. दुसरीत भाकरी घराघरांतून येते आणि देवळापुढे फक्त आमटीची काहील चढते. दुसरीचं सर्वांत मोठं रूप शेजारीच आहे: गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह. पावणेदोनशे वर्षांहून जुनी परंपरा, दरवर्षी वेगळं गाव, लाखांची गर्दी, आणि आजूबाजूच्या गावांतून गाड्या भरभरून येणारी भाकरी. काही जण याकडे निव्वळ श्रद्धा म्हणून पाहतात, काही जण गरिबाघरची सोय म्हणून. माझ्या मते पंगतीची ही जास्त शहाणी रचना आहे, आणि जेवण अंगी लागावं, वाया जाऊ नये, यासाठी आपल्याला बाहेरून फार काही आणायची गरज नाही.

आधी नासाडीचं पाहू. आचाऱ्याच्या स्वयंपाकाचा अंदाज सकाळी एकदाच बांधला जातो आणि तो वरचढच असतो, कारण अन्न कमी पडलं तर गावाची अब्रू जाते. चुकलेला अंदाज मग एकाच कढईत साचतो. भाकरी दोनशे चुलींवर थापल्या गेल्या की तोच अंदाज दोनशे घरांत वाटला जातो. शिवाय उरलेली भाकरी टाकाऊ होत नाही. ती फोडणीत जाते, ताकात कुस्करली जाते, अगदीच वाळली तर गोठ्यात जाते. याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांबला, १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी भिक्षेला मोठं स्थान दिलं. कुणा एकावर भार नको, म्हणून अनेक दारांतून थोडं थोडं घ्यायचं, ही माधुकरीमागची युक्ती. सप्ताहाची भाकरी तिच्याच नात्यातली. आणखी एक बारीक गोष्ट मापाची. भाकरीला अर्धी, चतकोर, नितकोर अशी मापं आहेत. जेवणारा भाकरी चुरतो, मधोमध आळं करतो, वाढपी बादलीतून आमटी ओततो. आळं कोरडं पडलं की हाक मारायची, चतकोर आणखी घ्यायची. भूक आणि वाढप यांच्यात इतकं कमी अंतर बुफेत राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला पावहिश्श्याहून अधिक भाग हॉटेलं, खानावळी, केटरिंग यांचा होता. पंगतीचा स्वतःचा वैरी मात्र आग्रह. हाताने पान झाकलं तरी वरून लाडू टाकणारा वाढपी कुठल्याही बुफेइतकंच अन्न वाया घालवतो.

आरोग्याचा हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात किंवा पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते आमटीतली डाळ भरून काढते. मराठवाड्याच्या आमटीला दाटपणा देणारं येसरही भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळूनच होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह आणि जस्त वाढवलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला, पण ज्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढली, त्या बियाण्यांच्या शहराभोवतीची शिवारं आज कापूस आणि सोयाबीनने भरलेली आहेत. ज्वारी अनेक घरांना विकतच आणावी लागते. तेव्हा भाकरीची पंगत स्वस्त पडते, असा दावा मी करणार नाही.

शंभर घरची भाकरी म्हणजे स्वच्छतेचा भरवसा काय, असा एक आक्षेप असतो. तव्यावर आणि विस्तवावर कडक भाजलेल्या कोरड्या भाकरीत धोका कमी. खरी जपणूक लागते ती एका जागी शिजून तासन्‌तास राहणाऱ्या ओल्या अन्नाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाण्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहातली भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली, उघड्यावर सलाइन लावावं लागलं. म्हणून भाकरीच्या पंगतीतही आमटी शेवटच्या ओळीपर्यंत जाळावर राहिली पाहिजे, आणि पाणी कुठलं हे कुणीतरी विचारलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला मान्य आहे. दोनशे चुली म्हणजे दोनशे बायकांच्या पहाटे. आचाऱ्याला बिदागी मिळते, त्यांना काहीच नाही. फलकावर नाव वर्गणी देणाऱ्याचं. यावर उपाय आचारी परत बोलावण्याचा नाही. वर्गणीतला आचाऱ्याचा पैसा बचत गटाला भाकरीच्या दराने द्यावा, आणि पुरुषांनी वाढपासोबत भांडीही घासावीत. काही गावकऱ्यांना हा सेवेचा अपमान वाटेल. आचाऱ्याला पैसे देताना तो वाटत नव्हता.

राहता राहिला गोडाचा प्रश्न: बुंदीशिवाय सप्ताहाची सांगता कशी? पण सांगतेच्या कीर्तनाचं नावच काल्याचं कीर्तन आहे, आणि काला म्हणजे ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, हिरवी मिरची, थोडं लोणचं. तो हातावर मूठभरच मिळतो आणि उभ्या उभ्या संपतो.