निरोगी माणसाची परीक्षा

वैद्यानें परीक्षा करावयाची ती रोगाचीं लक्षणें दिसल्यावर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्यास कांहींच होत नाहीं, त्याची परीक्षा आठवड्यांतून दोनदां कशासाठीं?

या प्रश्नाचें उत्तर २०२० सालच्या कोविडच्या साथीनें दिलें. या रोगाचा विषाणु लक्षणें उमटण्यापूर्वींच एकाकडून दुसऱ्याकडे जातो; कित्येकांस तर लक्षणें उमटतच नाहींत. अर्थात् तापलेल्यास व खोकणाऱ्यास वेगळें काढल्यानें साथ आवरत नाहीं. धडधाकट माणसांचीहि वारंवार तपासणी करावी लागते. पण नाकांत खोलवर काडी घालून स्राव काढण्याच्या रीतीस शिकलेला मनुष्य लागतो. आणि ज्याच्या डोळ्यांत त्या वेळीं पाणी आलें, तो पुन्हां सहसा तिकडे फिरकत नाहीं.

फेब्रुवारी २०२० मध्यें हाँगकाँगच्या संशोधकांनीं १२ रुग्णांपैकीं ११ जणांच्या लाळेंत हा विषाणु सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें अर्बाना-शँपेन येथें विद्यार्थी, अध्यापक व सेवकवर्ग या सर्वांची लाळ आठवड्यांतून दोनदां तपासण्यास आरंभ केला. नळींत थोडी लाळ सोडावयाची, इतकेंच काम. ती नळी ९५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत अर्धा तास ठेवली कीं विषाणु निर्जीव होतो व पुढील तपासणी निर्धोक होते. परीक्षा मोफत होती. मात्र ती न करणारास इमारतींत प्रवेश नसे.

आपल्याकडे लाळ व थुंकी हीं उष्टीं, अमंगळ मानलीं जातात. चारचौघांत नळींत थुंकावयाचें म्हणजे संकोच वाटावयाचाच. पण घसा धरला कीं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणें कोणत्या घरास अपरिचित आहे? नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें हीच घरगुती क्रिया उपयोगांत आणली. मिठाच्या पाण्यानें गुळणी करून तें नळींत सोडावयाचें. या पद्धतीस मे २०२१ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मान्यता मिळाली. परिचित गोष्ट लोक लवकर स्वीकारतात, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

तथापि परीक्षा म्हणजे उपचार नव्हे. इलिनॉयमध्यें रोग असल्याचें कळूनहि कांहीं विद्यार्थी मेजवान्यांस गेले, रुग्णसंख्या अपेक्षेबाहेर वाढली, आणि विद्यापीठास निर्बंध कडक करावे लागले. तेथें दोष नळीचा नव्हता.

म्हणून लोकमान्यतेचा खरा प्रश्न तपासणीनंतर उत्पन्न होतो. रोग निघाला तर रोजंदारीवर काम करणाराची मजुरी बुडेल काय? शेजारी त्याच्या दारावरून जाणें टाळतील काय? घरीं राहिल्यास त्याला अन्न कोण पोंचवील? या प्रश्नांचें उत्तर जेथें मिळत नाहीं, तेथें मनुष्य अज्ञानांत राहणेंच पसंत करील, मग परीक्षा कितीहि सोपी असो. त्याला दोष देण्यापूर्वीं आपण त्याच्या चुलीचा विचार केला पाहिजे. लाळ देण्यास क्षण पुरतो. ती देणाऱ्यास निर्भय करणें हें समाजाचें काम आहे.