नखावर बेतलेला संकर

दुपार कलली की कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटमध्ये बायांच्या रांगा शिरतात. त्यांना हवी असते उद्या सकाळी उमलणारी कळी, फुगून पाकळ्यांचे टोक बाहेर डोकावू लागलेली. कळी एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचे नख तिच्या बुडाशी रुतवायचे आणि गोल फिरवून पाकळ्यांसकट पुंकेसर उपसायचे. कपाशीचे पुंकेसर स्त्रीकेसराभोवती नळीसारखे जुळलेले असतात, म्हणून ते एका हिसक्यात निघतात. कसब आहे ते नख वेळेवर थांबवण्यात. आतल्या कोवळ्या बोंडावरचे पांढरे आवरण ओरखडले, तर कळी गळते.

उरलेल्या स्त्रीकेसरावर लाल कागदाची नळी चढवतात. कपाशीचा पराग जड आणि चिकट. तो वाऱ्याने फारसा जात नाही, मधमाश्या नेतात. कागद त्यांना अडवतो आणि त्याचा लाल रंग दुसऱ्या सकाळी हिरव्या पानांत पटकन दिसतो. मग नर ओळींतली ताजी फुले आणायची, कागद काढून पराग कुक्षीवर हलकेच घासायचा आणि देठाला दोरा बांधायचा. एका नर फुलात चार-पाच मादी फुले भागतात. वेचणीला दोऱ्याचीच बोंडे संकराची म्हणून वेगळी काढतात.

कपाशीच्या संकराचे तंत्र १९३४ मध्ये मांडणाऱ्या डोक यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिच्यावर व्यापारी शेती उभी राहिली ती भारतात. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी घडवलेला एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० मध्ये आला. पाठोपाठ धारवाडहून कातरकी यांची ‘वरलक्ष्मी’ आली. महाराष्ट्रात नांदेडच्या एनएचएच-४४ने कोरडवाहू रानांत जम बसवला आणि जालना बियाण्यांचे गाव झाले.

हात वाचवण्यासाठी नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग नसलेले, वाण आले. त्यांतल्या एका प्रकारात शेतातली जवळपास निम्मी झाडे पराग देणारीच निघतात; फुलोरा येताच ती उपटावी लागतात. शिवाय पराग लावायला माणूस लागतोच. हे काम दोनेक महिने रोज चालते. लहान बोटांना ते जमते, या सबबीवर शाळेच्या वयाची मुले, विशेषतः मुली, या प्लॉटांत राबवली गेली. त्याचा बोभाटा आंध्रातून जगभर झाला.

संकराची सरकी पुन्हा पेरली तर पुढच्या पिकात एकसारखेपणा राहत नाही, म्हणून शेतकरी दरसाल नवे पाकीट घेतो. शंभर दाण्यांचे वजन नऊ ग्रॅम धरले, तर ४५० ग्रॅममध्ये पाच हजार दाणे भरतात. एका बोंडात पंचवीस दाणे धरले, तरी एवढ्या बियाण्याला दोनशे बोंडे लागतात. त्यांतल्या प्रत्येकाला कोणाचा तरी हात दोनदा लागलेला असतो, आदल्या दुपारी आणि दुसऱ्या सकाळी.