खोलीचं खरं माप

रिकामी खोली मोठी दिसते, अशी घर विकणाऱ्यांची पक्की समजूत असते. अनुभव उलटा आहे. दहा बाय अकराच्या मोकळ्या बेडरूमच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक पहिलं विचारतं, ‘‘इथे डबलबेड बसेल ना?’’ नजरेला धरायला काही नसलं की अंदाज येत नाही, आणि शंका आली की माणूस खोली लहानच धरतो. तिथे पाच बाय साडेसहाचा पलंग मांडला आणि दोन्ही बाजूंना अडीच अडीच फूट जागा दिसली की प्रश्नच उरत नाही. विक्रीआधी घर तयार करायचं, म्हणजे होम स्टेजिंगचं, माझं काम याच पायावर उभं आहे.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांतले फ्लॅट रीसेलला निघतात तेव्हा बहुधा कुटुंब तिथे राहतच असतं. त्यामुळे आमची सुरुवात सामान आणण्यापेक्षा हलवण्याने होते. माळ्यावरच्या बॅगा, दिवाणाखालची बोचकी, गॅलरीतली मोडकी सायकल, दाराआडची छत्र्या-पिशव्यांची गर्दी. दार पूर्ण उघडलं नाही की पाहणाऱ्याला घर अरुंद वाटतं, म्हणून दाराआडची जागा सर्वांत आधी मोकळी करते. देवघर जागेवरच राहतं. हार घातलेल्या फोटोला मात्र आम्ही हात लावत नाही. ‘‘आजोबा, हा फोटो तुमच्या हातानेच आत ठेवाल का?’’ असं विचारावं आणि त्यांना हवा तेवढा वेळ द्यावा. घर विकताना घरच्यांचं मन त्यातून निघालेलं नसतं, हे विसरून हे काम करता येत नाही.

मग स्वच्छता. बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर चढलेले असतात. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवलं की थर सुटतो. पण तेच पाणी कडप्प्याच्या ओट्यावर सांडू द्यायचं नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची झिलई जाते आणि डाग कायमचा राहतो. सरकत्या खिडक्यांच्या खाचांत साठलेली माती जुन्या ब्रशने काढायची. खिडकी एका बोटाने सरकली पाहिजे, कारण पाहायला आलेला माणूस ती हटकून सरकवून बघतो.

नंतर उजेड. हॉलमध्ये ६५०० केल्विनची निळसर पांढरी ट्यूब आणि शेजारी २७०० चा पिवळा दिवा असला की एकच भिंत दोन रंगांची दिसते. मी एका खोलीत सगळे दिवे एकाच रंगाचे लावते, बहुतेक वेळा ४००० चे. फोटो दिवसा, पडदे बाजूला सारून, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून काढायचे. फार रुंद लेन्स वापरली की कोपऱ्यातला पलंग आठ फुटी दिसतो आणि खोलीचा हॉल होतो. ते फोटो बघून आलेलं गिऱ्हाईक दारातच हिरमुसतं.

कामाची खरी कसोटी लागते ओल आलेल्या भिंतीपाशी. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर खाली रंग फुगलेला असतो, बोट फिरवलं की पांढरा खार हाताला लागतो. घरमालक म्हणतात, ‘‘ताई, पुट्टी मारून रंग लावून टाका, महिनाभर टिकलं म्हणजे झालं.’’ मी ते करत नाही. आधी बाथरूममधली पाणी जायची जाळी बुजवून जमिनीवर पाणी साठवायचं आणि एक-दोन दिवस भिंत बघायची. ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. नाही वाढली तर नळाच्या पाइपलाइनकडे वळायचं. दुरुस्ती करून भिंत पूर्ण वाळली की मगच पुट्टी. दुरुस्तीला वेळ नसेल तर भिंत तशीच ठेवायची आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगायचं.

यात नुसता सज्जनपणा नाही, कायदाही आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड केला पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं. नव्या इमारतींच्या सॅम्पल फ्लॅटसाठी २०१६ चा रेरा कायदा आहे. नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम १२ प्रमाणे बिल्डरकडून भरपाई मागता येते. तरीही आखूड पलंग, दारं न लावलेल्या खोल्या, भिंतभर आरसे या युक्त्या आमच्या व्यवसायात चालतात. मला त्यांची चीड आहे. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाला फसवून मिळवलेल्या पसंतीत कसलं कौशल्य?

म्हणून घर बघायला जाताना टेप घेऊन जा. पलंगाची लांबी मोजा. सव्वासहा फुटांहून कमी भरली तर कारण विचारा. कपाटाचं दार उघडा आणि पलंगाला धक्का न लागता ते पूर्ण उघडतं का, बघा. बाथरूमच्या मागची भिंत खाली वाकून हाताने तपासा. नीट काम केलेल्या घराला या तपासणीची भीती नसते, आणि ते मांडणाऱ्यालाही नसावी.