एक रजिस्टर, दहा पिना

कोपर स्टेशनला दिवा-वसई रेल्वेमार्ग वरून जातो, कल्याणच्या लोकल खालून. कुणाचा कुणाला अडथळा नाही. रास्पबेरी पाय ४ वर पिन चालू-बंद करणं तसंच सुरक्षित. चालूचं रजिस्टर वेगळं, बंदचं वेगळं. जिथे १ लिहिला तेवढीच पिन बदलते.

खरी गोम पिनचं काम ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये आहे. तिथे एकाच ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये १० पिना, प्रत्येकीला ३ बिट. ड्रायव्हर सगळं वाचतो, आपले ३ बिट बदलतो, सगळं परत लिहितो. तेवढ्यात दुसऱ्या कोअरने शेजारची पिन बदलली असेल, तर तो बदल पुसला जातो. एररसुद्धा येत नाही!

म्हणून लिनक्समध्ये वाचण्याआधीच स्पिनलॉक घ्या. इंटरप्ट हँडलरही तेच रजिस्टर हाताळत असेल, तर आयआरक्यूसेव्हवालाच. नुसतं व्होलाटाइल लिहून हे अजिबात सुटत नाही, मित्रांनो.