इम्प्लांटचा दात आणि चौथा आठवडा



मागील वर्षी आम्ही खालच्या जबड्यात एक इम्प्लांट बसवून घेतले. चौथ्या आठवड्यात ना दुखणे होते, ना सूज. सकाळच्या पोह्यांवरची कडक सेव पाहून मोह झाला. परंतु त्याच दिवशी तपासणी होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सर, आज स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी आहे. सेव अजून नको." जखम भरत असताना पकड कमी कशी होईल? याचे जे उत्तर आम्हांस मिळाले, ते सर्वांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा लहान स्क्रू. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसविले होते. नंतर ते काढावयास गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते! १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसविले.

स्क्रूची पकड दोन प्रकारची असते. पहिल्या दिवशीची पकड लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखी, केवळ दाबाची असते. नंतर शरीर कापले गेलेले, दाबले गेलेले जुने हाड विरघळवते व त्या जागी नवीन हाड भरते. जुने गेले, नवीन पुरते आले नाही, असा मधला काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तेव्हा पकड सर्वांत कमी असते. दुखत नसल्याने रुग्णाला याचा पत्ताही लागत नाही. डॉक्टर मात्र लहानशा यंत्राने स्क्रूला कंपन देऊन १ ते १०० च्या मापात पकड मोजू शकतात.

येथे स्क्रूच्या पृष्ठभागाचे महत्त्व येते. गिलावा करण्यापूर्वी मिस्त्री गुळगुळीत भिंतीवर छिन्नीने खाचा पाडतो, तसेच हे आहे. सुरुवातीचे स्क्रू बरेच गुळगुळीत असत. तेव्हा खालच्या जबड्यात तीन व वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे. पुढे स्क्रूवर बारीक कणांचा जोरदार मारा करून नंतर तो तीव्र आम्लात बुडविण्याची पद्धत आली. त्यामुळे पृष्ठभागावर एक-दोन मायक्रॉनचे चढउतार तयार होतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या खाचांत रक्ताची गुठळी चांगली धरून राहते, तिच्या आधाराने हाड घडविणाऱ्या पेशी थेट स्क्रूपर्यंत पोहोचतात आणि तेथेच हाड रचू लागतात. चांगल्या हाडात सहा ते आठ आठवड्यांत वरचा दात बसविता येतो. काही स्क्रू मिठाच्या पाण्यात बंद ठेवलेले असतात. त्यांचा पृष्ठभाग रक्त लवकर ओढून घेतो, त्यामुळे तो नाजूक काळ लवकर संपतो.

तरीही खडबडीतपणा म्हणजे जादू नव्हे. पहिल्याच दिवशी स्क्रू सैल बसला, किंवा त्यावर अवेळी जोर पडून तो हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात व इम्प्लांट निकामी होते. फार खडबडीत भाग हिरडीतून उघडा पडला तर त्यावर जंतूंचा थर साचतो. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह हे तर हाड भरण्याचे उघड शत्रू आहेत.

म्हणून घरातील आजी-आजोबांनी इम्प्लांट बसविले असेल, तर "आता दुखत नाही ना, मग खा" असा आग्रह कृपया करू नये. मुलांनो, दुखणे थांबले म्हणजे काम पूर्ण झाले असे नाही, हे त्यांना तुम्हीच समजावून सांगा. आम्ही डॉक्टरांचे ऐकले. तिसऱ्या महिन्यात वरचा दात बसला, आणि त्यानंतरच सेव खाल्ली.