जुना आकडा जपून ठेवा

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. तसे काही दिसले नाही, तर अहवाल फाईलमध्ये ठेवून आपण निश्चिंत होतो. परंतु आकडा मर्यादेत आहे का, याइतकेच तो पूर्वीपेक्षा किती बदलला, हे पाहणेही महत्त्वाचे असते. त्यासाठी शाळेत शिकलेली शेकडेवारी पुरेशी आहे.

नव्या व जुन्या आकड्यांतील फरक काढावा, त्यास जुन्या आकड्याने भागावे आणि १०० ने गुणावे. भागायचे ते नेहमी जुन्या आकड्याने, एवढे ध्यानी ठेवावे.

मूत्रपिंडाच्या कार्याची कल्पना देणारे क्रिएटिनिन पाहा. आजोबांचे क्रिएटिनिन पाच दिवसांपूर्वी ०.८ होते, आज १.२ आहे. बहुतेक प्रयोगशाळांच्या लेखी पुरुषांसाठी दोन्ही आकडे सामान्यच. फरक अवघा ०.४ चा, पण वाढ ५० टक्क्यांची! सात दिवसांच्या आत एवढी वाढ होणे हे मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचे लक्षण मानले जाते. जुलाब, उलट्या किंवा वेदनाशामक गोळ्या हे त्यामागील कारण असू शकते. अशा वेळी दोन्ही अहवाल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावेत.

घटही याच रीतीने मोजावी. ८० किलो वजनातून दोन किलो कमी होणे म्हणजे अडीच टक्के घट. मात्र ४० किलोच्या आजींचे दोन किलो म्हणजे ५ टक्के. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्के वा अधिक घटल्यास कारणाचा शोध घ्यायलाच हवा.

आरोग्यविम्याच्या हप्त्यालाही हेच गणित लागू पडते. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी कंपन्यांनी आपल्याशी विचारविनिमय करावा, असे विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. तथापि १० टक्क्यांची वाढही दरवर्षी वाढीव हप्त्यावर होते. ३०,००० रुपयांचे ३३,०००, मग ३६,३०० आणि तिसऱ्या वर्षी ३९,९३० रुपये होतात. म्हणजे वाढ ३० नव्हे, ३३.१ टक्के. निवृत्तिवेतनातून तरतूद करताना हा हिशेब आधीच मांडावा.

यासाठी घरात एक वही ठेवावी. तीत दिनांकासह वजन, तपासण्यांचे आकडे व विम्याचा हप्ता लिहावा. जुना आकडा हाताशी असेल, तरच नव्या आकड्याचा अर्थ आपल्याला उमगेल.